गार इंजिनाची अट

पेल्टो गावात जुनी गाडी घ्यायला निघताना लोक दोन गोष्टी बरोबर नेत: पैसे आणि लेलँड हारयू. पैसे बहुधा परत येत.

लेलँडने छत्तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत ट्रक दुरुस्त केले होते. त्या ट्रकांचं एकेक चाक त्याच्या घराच्या दारापेक्षा उंच. त्यामुळे चारचौघांच्या मोटारीकडे तो हत्तीच्या माहुताने शेळीकडे बघावं तसा बघे. शेळीबद्दल राग नाही, पण हिच्यात लपवण्यासारखं काही असेल तर ते आपल्यापासून लपणार नाही, ही खात्री. निवृत्त झाल्यावर त्याने आयुष्यभराचं ज्ञान एका कागदावर उतरवलं. एकतीस मुद्दे भरले. बत्तिसावा सुचेना, तेव्हा त्याने कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि विषय संपला असं मानलं.

पहिला मुद्दा असा होता: मालकाला रामराम करण्याआधी बॉनेटवर उघडा तळहात ठेवावा. इंजिन गरम लागलं तर आल्या पावली परत फिरावं. कारण सरळ आहे. म्हाताऱ्या इंजिनाचं जे काही दुखणं असतं, तो निळा धूर, ती खडखड, ते चार वेळा खोकून मग सुरू होणं, ते सगळं गार असताना बाहेर पडतं. पाच मिनिटं चाललं की ते तरुण असल्यासारखं वागू लागतं. म्हणून लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतो.

लेलँडमुळे पेल्टोत गेल्या चार वर्षांत जुन्या गाडीच्या व्यवहारात कोणीही फसलं नव्हतं. गेल्या चार वर्षांत त्याला बरोबर नेलेल्या कोणी गाडी घेतलीही नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा असं त्याला कधी वाटलं नाही.

तो पक्षपाती मात्र नव्हता. नाताळनंतर एका सकाळी तो सवयीने स्वतःच्याच पिकअप ट्रकखाली शिरला, स्क्रूड्रायव्हरने चासी टोचली, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने लोखंडाचं बिस्किट केलं होतं. दुसऱ्या कुणाचा ट्रक असता तर तो जे बोलला असता तेच तो स्वतःला बोलला, आणि ट्रक भंगारात देऊन पायी घरी आला. दोन आठवड्यांनी त्याच्या भाचीच्या, मार्लाच्या गाडीवर हरिण आदळलं. हरिण उठून गेलं. गाडी उठली नाही.

अशा रीतीने लेलँडची थोरली बहीण आयला नव्वद मैलांवर डुलुथच्या हॉस्पिटलात असताना तिच्या भावाकडे आणि मुलीकडे मिळून एकही चाक उरलं नाही.

आयलाचं हृदय थकलं होतं. जानेवारीच्या सुरुवातीला डॉक्टर तिच्याशी बोलताना 'घरी गेल्यावर' असं म्हणून सुरुवात करायचे. फेब्रुवारीत त्यांनी तसं म्हणणं सोडून दिलं. डुलुथची बस पानगळीतच बंद झाली होती. एकदा पाद्रीबाबांनी दोघांना नेऊन आणलं; पण त्यांनी पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, त्यामुळे त्यांना पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

त्या भेटीत मार्ला आईच्या उशाशी दोन तास बसली. लेलँड दारातून "कसं काय, आयला?" म्हणाला आणि मग दोन तास बाहेरच्या बोळात, भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यापाशी उभा राहिला. नळकांड्यावर शेवटच्या तपासणीची तारीख होती. ती उलटून चार महिने झाले होते. ते त्याने नर्सच्या नजरेस आणून दिलं.

"फार उपकार झाले हं," नर्स म्हणाली. "आत नाही जात तुम्ही?"

"जातो ना," लेलँड म्हणाला, आणि नळकांड्याची पिन नीट बसली आहे का ते बघू लागला.

म्हणून आता गाडी हवी होती. मार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिच्याकडे तीन हजार डॉलर होते आणि मामा होता. त्या आठवड्यात त्यांनी तीन गाड्या बघितल्या. पहिली एका शिक्षकाची. पोटाला ताजा काळा रंग फासला होता. लेलँडने तो नखाने खरवडला, खाली स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि शिक्षकाने मान खाली घातली. दुसरीच्या दाराला लोहचुंबक चिकटेना. गंजलेल्या पत्र्याच्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला होता. तिसरीच्या तेलाच्या झाकणाखाली कॉफीवरच्या सायीसारखा थर निघाला, म्हणजे इंजिनात पाणी तेलाला जाऊन मिळत होतं. तिन्ही वेळा लेलँडचं बरोबर होतं. बरोबर असण्यात एक गोडी असते. ती त्याला लागली होती, आणि ते मार्लाला दिसत होतं.

"मामा, डुलुथला जायचंय फक्त. चंद्रावर नाही."

"चंद्राच्या वाटेवर बंद पडलीस तर गारठून मरत नाहीस. बसल्या जागी लगेच मरतेस. इथे तास लागतो."

"आईकडे तरी तेवढा वेळ आहे का?"

लेलँडने कागद पाकिटात घातला. "शनिवारी चौथी आहे," तो म्हणाला.

चौथी गाडी रुबेन ओल्गिनची. रुबेन टेक्सासचा. पवनचक्क्यांच्या कामावर उत्तरेला आला, पेल्टोतल्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला. पाच हिवाळे झाले तरी गावाच्या दृष्टीने तो अजून सामान सोडत होता. त्याची गाडी सतरा वर्षांची, राखाडी, चार दारांची. किंमत सव्वीसशे. दुसरं मूल व्हायचं होतं म्हणून त्यांनी बर्फात चालेल अशी उंच गाडी घेतली होती, आणि ही विकायची होती.

शनिवारी सकाळी पारा शून्याखाली सत्तावीसवर होता. मामा-भाची गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस मिनिटं चालत गेली. रुबेन अंगणात उभा होता, डोक्याला टोपी नाही, चेहऱ्यावर हसू. गाडी सुरू होती. मागून वाफेचा पांढरा लोट निघत होता, काचांवरचं बर्फ खरवडून स्वच्छ केलं होतं, आणि पुढच्या सीटवर घडी घातलेली घोंगडी ठेवली होती.

"या, या! आधी आत बसा," रुबेन म्हणाला. "अर्धा तास तापवून ठेवलीय तुमच्यासाठी. एवढ्या थंडीत चालत आलात—"

लेलँडचा तळहात तोवर बॉनेटवर पोचला होता.

"गरम आहे," तो म्हणाला. डॉक्टर 'पसरलंय' म्हणतात त्या आवाजात.

"हो तर! मस्त गरम आहे."

"मामा," मार्ला दातांवर दात ठेवून म्हणाली, "एवढं चालत आलोय. बघ तरी."

मग लेलँडने बघितलं. बर्फावर पुठ्ठा टाकून तो गाडीखाली शिरला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मार्लाला त्याचे फक्त बूट दिसत होते. ते हलत नव्हते.

"बरे आहेत ना ते?" रुबेनने विचारलं.

गाडीखाली लेलँड वर बघत होता. पेल्टोत सात हिवाळे काढलेल्या गाडीच्या पोटात हात घालावा तर गंजाच्या खपल्या डोळ्यांत पडतात. ही सतरा वर्षांची, आणि तिच्या बोल्टांवर कारखान्यातला पिवळा रंग अजून जागच्या जागी होता. बारा वर्षं टेक्सासच्या कोरड्या उन्हात गेलेली, आणि इथल्या पाचही हिवाळ्यांत मालकाने दर रविवारी खालून धुतलेली. असं पोट त्याने फक्त नव्या गाडीचं बघितलं होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर टोचायला काढला आणि तसाच खिशात ठेवला. तान्ह्या पोराला चिमटा काढल्यासारखं वाटलं असतं.

बाहेर येईपर्यंत मात्र तो सावरला होता. एवढी चांगली गाडी सव्वीसशेला? नक्की पुरात बुडालेली. त्याने सगळे सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून बघितले, कारण पुराची चिखलरेघ बेल्टच्या न वापरलेल्या भागात लपून राहते. रेघ नव्हती. त्याने गालिचा उचलून खाली नाक लावलं. गालिच्याखाली रुबेनच्या मुलीची एक हिरवी खडूची कांडी आणि तीन शेंगदाणे होते. तेल मधाच्या रंगाचं. चारही टायर सारखे झिजलेले. तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर त्याने स्टिअरिंग सोडून बघितलं; गाडी नाकासमोर चालली, पापभीरू विधवेसारखी. ब्रेक, दिवे, हीटर, काचा. मार्ला मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात मोजत होती.

अंगणात परत आल्यावर ती म्हणाली, "तीस पास."

"एकतीस आहेत."

"तीस पास, मामा!"

"लग्नाला नवरा सोडून सगळे आले तर लग्न लागतं का?"

रुबेन एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. "काय राहिलं?" त्याने विचारलं.

लेलँडने सांगितलं. सभ्यपणे सांगितलं. त्यामुळे ते जास्तच वाईट ऐकू आलं.

"म्हणजे, मी तापवली म्हणून?"

"तुम्ही लबाड आहात असं मी म्हणत नाही."

"मग?"

"लबाड असतात ते असंच करतात, एवढंच म्हणतो."

रुबेनच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं. हवाच तशी होती. "सर, माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं," तो म्हणाला. "इथे पाहुण्याला गार गाडीत बसवत नाहीत म्हणून."

"पाहुण्याला बरोबर आहे," लेलँड म्हणाला. "गिऱ्हाइकाला नाही."

बंद करून चार तास थांबू, असं रुबेन म्हणाला. चार तासांत आतलं तेल गार होत नाही, असं लेलँड म्हणाला. रात्रभर उभी पाहिजे, आणि इंजिन ऊबदार ठेवायची विजेची वायरही लावायची नाही. उद्या आणि परवा रुबेनची चक्क्यांवर बारा-बारा तासांची पाळी होती. शेवटी मंगळवार पहाट ठरली. मार्लाने हातमोजे चढवायला सुरुवात केली. उजवा हात डाव्या मोज्यात घालत ती म्हणाली, "माफ करा हं, तुमचा वेळ गेला. आई डुलुथला आहे हॉस्पिटलात. म्हणून जरा घाई होती. एवढं काही नाही तसं."

रुबेन गाडीकडे वळला. मग त्याने गाडीतून किल्ली काढली आणि तळहातावर धरून पुढे केली.

"आत्ता जा," तो म्हणाला. "आईला भेटून या. टाकी भरलेली आहे. संध्याकाळी आणून लावा. एकशेऐंशी मैलांत गाडी काय आहे ते कळेलच. नाही पटली तर घेऊ नका."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेल्टोत पहिल्यांदा विचारतात तो शिष्टाचार, दुसऱ्यांदा विचारतात तो आग्रह, आणि तिसऱ्यांदा विचारतात ते खरं. पहिल्याच बोलावण्याला जो 'हो' म्हणतो त्याच्या आईने त्याला काय वळण लावलं, अशी चर्चा होते. कॉफीचा दुसरा पेला असो की शेजाऱ्याची शिडी, दोन नकार दिल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. गाव शंभर वर्षं असंच जगत आलं आहे. कॉफी थोडी गार होते, इतकंच.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास," लेलँड म्हणाला. हा पहिला.

"त्रास कसला? मला कंपनीचा ट्रक न्यायला येतो. घ्या," म्हणत रुबेनने किल्ली मार्लापुढे केली.

मार्लाची बोटं हलली. तिने ती मोज्यात घातली. "नको, खरंच नको. मंगळवारी येतोच की आम्ही," ती म्हणाली. हा दुसरा.

आणि दोघं थांबली. मार्ला किल्लीकडे बघत होती. लेलँडने घसा साफ करून ठेवला होता. रुबेन टेक्सासचा माणूस. सकाळपासून त्याला एकदा लबाडांच्या रांगेत उभं केलं होतं आणि दोनदा नको म्हटलं होतं. त्याच्या गावी एकदा नको म्हणजे नको, आणि दोनदा नको म्हणजे पुन्हा तोंड उघडू नकोस.

"बरं," तो म्हणाला, आणि किल्ली खिशात ठेवली.

मामा-भाची अर्ध्या वाटेवर आली. बर्फ बुटांखाली करकरत होतं.

"तो दोनदाच म्हणाला," मार्ला म्हणाली.

"बाहेरचा आहे."

"परत जाऊ या?"

"जाऊन काय म्हणू?"

मार्लाने चालता चालता विचार केला. 'तुम्ही मघाशी जे म्हणालात ते आम्हाला हवं होतं.' तिने ते मनात चारपाच प्रकारे जुळवून पाहिलं. पेल्टोत असं कोणी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, आणि तिच्या तोंडाला तो घाट येईना. ती चालत राहिली.

रविवारी दुपारी हॉस्पिटलातून आयलानेच फोन केला. मार्लाने तो मामाच्या टेबलावर, वेलचीच्या पावाच्या ताटलीशेजारी ठेवून आवाज मोठा केला.

"गाडी मिळाली का रे?" आयलाचा आवाज बराच बरा होता.

"मिळाल्यासारखी आहे. मंगळवारी गार असताना बघायचीय."

"नीट बघ. माझ्यासाठी घाई करू नकोस."

"नाही करत."

"रस्ता घसरडा असेल ना?"

"असेल."

"मग नकाच येऊ. आज इथे ऊन पडलंय. तळं दिसतंय खिडकीतून, पार पलीकडपर्यंत बर्फ. नर्सने दोन खुर्च्या आणून ठेवल्यात. मी म्हटलं, कशाला."

"आई, मंगळवारी नक्की," मार्ला म्हणाली.

"बरं बरं. पाव केलाय का कुणी?"

"मामाने केलाय. करपवलाय."

"खालून ना? लहानपणापासून करपवतो." ती हसली आणि खोकली. खोकला संपेपर्यंत दोघं ताटलीकडे बघत बसली. "ठेवते हं. जेवण आणलंय यांनी. जेवण म्हणतात हे लोक त्याला."

फोन बंद झाल्यावर मार्ला म्हणाली, "तिने दोनदा 'नको' म्हटलं."

"ऐकलं मी."

"म्हणजे काय ते कळलं ना तुला?"

"मीही त्याच घरात वाढलोय."

"मग रुबेनच्या बायकोकडे जाते मी. आत्ता. पाया पडते तिच्या, आणि किल्ली आणते."

"आणि वाटेत बंद पडली म्हणजे? गार इंजिन बघितलेलं नाही आपण."

मार्ला उठून उभी राहिली. तिने कोट घेतला, मग खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "मामा, एक विचारू? तू गाडी तपासतोयस की वेळ काढतोयस?"

लेलँडने करपलेला पाव उलटा करून बघितला. उत्तर त्याला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या दारातून त्याला आयला दिसली होती. त्याला झाडावरून उतरवणारी, खाणीतल्या पहिल्या दिवशी डबा बांधून देणारी, आणि त्या पलंगात ती उशीपेक्षाही कमी जागा घेत होती. जिथे हात घालून काही दुरुस्त करता येत नाही तिथे उभं कसं राहायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गाड्या बघता येत होत्या. आठवडाभर त्याने गाड्या बघितल्या होत्या.

"खालचं कापून टाकलं की चांगला लागतो," तो म्हणाला.

मार्ला गेली नाही. याचा दोष तिने पुढे कधीही मामाला दिला नाही, आणि म्हणून तो त्याच्यावरून कधी उतरलाही नाही.

मंगळवारी पहाटे शून्याखाली एकतीस. नाकातले केस श्वासागणिक चिकटत होते. ती दोघं पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. गाडीवर वीतभर बर्फ होतं.

"बोटही लावलेलं नाही, सर," रुबेन म्हणाला. आज त्याला टोपी होती, हसू नव्हतं.

लेलँडने बर्फ बाजूला सारून बॉनेटवर हात ठेवला. हात चिकटला, सोडवावा लागला. मार्लाने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. खोकली नाही, खडखडली नाही. लेलँडने मागच्या नळीपुढे पांढरा रुमाल धरला आणि दिव्याखाली नेऊन बघितला. रुमाल होता तसा होता.

"पास," तो म्हणाला.

रुबेनने पैसे मोजले नाहीत. मालकीच्या कागदावर सही करताना पेन गोठलं. त्याने ते काखेत धरून ऊबदार केलं. "आई कशा आहेत?" त्याने मार्लाला विचारलं.

"रविवारी छान बोलली."

"भेटा लवकर," रुबेन म्हणाला आणि आत गेला.

नव्वद मैल गाडी पाण्यातल्या माशासारखी गेली. मार्लाचा फोन थंडीने बंद पडला होता. तिने तो कोटाच्या आत, छातीपाशी धरून ठेवला, आणि डुलुथचा डोंगर उतरताना तो जिवंत झाला. पाच निरोप होते, सगळे एकाच नंबरावरून. गाडी उताराला होती, थांबवायला जागा नव्हती. तिने ते ऐकले नाहीत. मामाने काय ते विचारलं नाही.

आयला पहाटे पावणेसहाला गेली होती. तेव्हा ती दोघं रुबेनच्या घराकडे चालत होती.

खोलीत पडदे उघडे होते. तिला तोवर झाकलं नव्हतं. घरचे येणार म्हणून नर्सने केस विंचरून ठेवले होते. खिडकीपाशी दोन खुर्च्या. मार्ला एकीवर बसली आणि आईचा हात हातात घेऊन रडली, शाळेतली मुलं रडतात तशी, तोंड उघडं ठेवून. या वेळी लेलँड आत आला. बोळातलं नळकांडं नवीन होतं, तारीख ताजी. त्याने तिकडे बघितलंही नाही. तो दुसऱ्या खुर्चीमागे, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"बसा ना," नर्स म्हणाली. "तुमच्याचसाठी आहेत. रविवारी आणि काल त्यांनी कोणालाही बसू दिलं नाही तिथे. डॉक्टरांनासुद्धा नाही. म्हणाल्या, माझी माणसं येताहेत, गाडी तेवढी गार व्हायचीय." ती जराशी हसली. "मला काही ते समजलं नाही."

"नको, ठीक आहे," लेलँड म्हणाला.

"बसा हो."

"नको, खरंच."

नर्स पेल्टोच्या बाजूचीच असावी. "बसा," ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या गुडघ्यांना लागेल एवढी पुढे ढकलली. लेलँड बसला.

दुपारी कागदांवर सह्या झाल्या. एका पिशवीत चष्मा, सपाता आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं मिळालं. तीन वाजता ती दोघं परत निघाली. मार्ला चालवत होती. हीटर उत्तम चालत होता. शहर संपलं, झाडं सुरू झाली, उजेड उतरला.

तीस मैलांवर लेलँड म्हणाला, "पंखा बंद कर जरा."

मार्लाने हीटरचा पंखा बंद केला. गाडीत हळूहळू थंडी शिरली. लेलँड मान तिरकी करून ऐकत होता. छत्तीस वर्षं त्या कानांनी घराएवढ्या इंजिनांमधला एक सैल खिळा पकडला होता. त्याने पुढचं उजवं चाक ऐकलं, मग डावं. मग गियर, मग मागचा दांडा. त्याला एक आवाज हवा होता. बारीकसा चालला असता. एखादी घरघर, एखादा ठोका, शनिवारी आपण परत फिरलो ते उगाच नाही, एवढं सांगणारं काहीतरी. गाडी गुळगुळीत चालत होती. काच आतून धुरकटली, तशी मार्लाने ती बाहीने पुसली. तिला तिच्या बोटांची टोकं कळेनाशी झाली होती. तिने पंखा लावला नाही.

दहा मैल गेले.

"काही ऐकू येतंय तुला?" लेलँडने विचारलं.

मार्ला रस्त्याकडे बघत राहिली.

"मागे," ती म्हणाली. "डावीकडे. अगदी बारीक."

लेलँडला काही ऐकू आलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"बेअरिंग असेल," तो म्हणाला.

"तेच वाटतंय."

"आत्ताच काही होत नाही त्याने."

"पण आहे ना?"

"आहे," लेलँड म्हणाला. मग मार्लाने पंखा लावला, आणि पेल्टो येईपर्यंत ती दोघं त्या बेअरिंगविषयी बोलत राहिली: ते कधी काढायचं, कुणाकडून आणायचं, आणि मागचा मालक आपल्याला त्याबद्दल काही बोलला कसा नाही.